औषधाला न जुमानणारे जंतू

चेन्नईहून बेंगळूरूकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, श्रीपेरुंबुदूरच्या थोडे अलीकडे, इरुंगाट्टुकोट्टै नावाचे गाव लागते. 'कोट्टै' या तमिळ शब्दाचा अर्थ किल्ला. परंतु तटबुरुजांच्या शोधात तेथे गेलेल्या प्रवाशास आज दिसतात ते कारखाने. तमिळनाडू शासनाच्या 'सिपकॉट' या संस्थेने वसविलेल्या औद्योगिक वसाहतीत ह्युंदाईच्या मोटारी तयार होतात आणि जवळच मोटारींच्या शर्यतींचा मार्ग आहे. श्रीपेरुंबुदूर हे रामानुजाचार्यांचे जन्मस्थान असल्यामुळे या वाटेने यात्रेकरूही जातात. त्यांच्या जोडीला मालमोटारींची रीघ अहोरात्र चालू असते. याच वसाहतीत ऑर्किड या कंपनीचा तयार औषधांचा कारखाना आहे. या कंपनीच्या चेन्नईतील संशोधकांनी शोधून काढलेल्या एका रेणूची हकिगत येथे सांगावयाची आहे.

त्या रेणूचे नाव एनमेटॅझोबॅक्टम. नाव अवघड आहे, पण त्याचे काम समजावयास अवघड नाही. विशेष हे की, हा रेणू स्वतः जंतूंना मारीत नाही म्हटले तरी चालेल. जंतूंना मारणारे दुसरे औषध असते आणि जंतू त्या औषधाचा नाश करू पाहतात. त्या नाश करणाऱ्याला अडवून धरणे, एवढेच याचे काम. औषधाला असा अंगरक्षक का लागावा, हे समजण्यासाठी सुमारे पंचाऐंशी वर्षे मागे गेले पाहिजे.

पेनिसिलिनचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात लावला, ही गोष्ट शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. त्यापुढील गोष्ट तितकीशी सांगितली जात नाही. बुरशीतून पेनिसिलिन वेगळे काढून त्याचे औषध बनविण्याचे अवघड काम ऑक्सफर्ड येथे हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि त्यांचे सहकारी करीत होते. १९४० च्या मे महिन्यात त्यांनी आठ उंदरांना प्राणघातक जंतू टोचले आणि त्यांपैकी चौघांना पेनिसिलिन दिले. ते चार जगले, उरलेले चार मेले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात चेन आणि एडवर्ड अब्राहम यांनी 'नेचर' या नियतकालिकात एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. आतड्यात राहणाऱ्या एका जंतूची पेनिसिलिनने काहीच हानी होत नाही, हे त्यांना माहीत होते. त्यांनी तो जंतू चिरडून त्याचा अर्क काढला आणि तो पेनिसिलिनमध्ये मिसळला. पेनिसिलिन निकामी झाले. जंतूच्या अंगात पेनिसिलिनचा नाश करणारा एक पदार्थ आहे, असे त्या टिपणात म्हटले होते.

येथे तारखांकडे लक्ष दिले पाहिजे. ऑक्सफर्डमधील एका पोलीस शिपायास पेनिसिलिनची पहिली इंजेक्शने मिळाली ती १९४१ च्या फेब्रुवारीत. त्याची प्रकृती झपाट्याने सुधारू लागली. परंतु औषधाचा साठा इतका तुटपुंजा होता, की त्याच्या मूत्रातून बाहेर पडलेले पेनिसिलिन गाळून पुन्हा वापरावे लागले. अखेर तेही संपले आणि मार्च महिन्यात तो दगावला. म्हणजे रुग्णाच्या शरीरात औषध जाण्याच्या आधीच त्या औषधाचा वैरी शास्त्रज्ञांच्या परीक्षानळीत सापडलेला होता! पुढील काळात जे घडले त्याने पुष्कळांना धक्का बसला. पण ज्यांनी ते टिपण वाचले होते, त्यांना तो बसावयास नको होता.

युद्धानंतर पेनिसिलिन मुबलक झाले. भारतात जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. न्यूमोनिया, विषारी जखमा, बाळंतपणातील ज्वर यांनी माणसे पटापट मरत असत, तो काळ ज्यांनी पाहिला होता त्यांच्या लेखी हे औषध म्हणजे अमृतच होते. परंतु त्याच सुमारास लंडनमधील एका रुग्णालयात मेरी बार्बर या विदुषींना निराळेच दृश्य दिसत होते. जखमांत पू करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूंचे नमुने त्या वर्षानुवर्षे तपासत होत्या. पेनिसिलिनला न जुमानणारे नमुने प्रथम थोडे होते. तिसऱ्या वर्षी, म्हणजे १९४८ साली, ते निम्म्याहून अधिक झाले.

जंतू शिकत नाहीत

'औषधाची शरीराला सवय झाली, म्हणून ते आता लागू पडत नाही,' असे पुष्कळ लोक बोलतात. ही समजूत चुकीची आहे. औषधाला दाद देईनासे होतात ते जंतू, रुग्णाचे शरीर नव्हे. म्हणूनच आयुष्यात कधीही प्रतिजैविक न घेतलेल्या माणसालादेखील औषधाला न जुमानणाऱ्या जंतूची बाधा होऊ शकते.

दुसरी समजूत अशी, की जंतू औषधाचा अनुभव घेऊन हळूहळू शहाणे होतात. तसेही नाही. अनुकूल परिस्थितीत आतड्यातील ई. कोलाय हा जंतू सुमारे वीस मिनिटांत दुभंगून एकाचे दोन होतो. हाच वेग टिकला तर दहा तासांत तीस वेळा दुप्पट होऊन एका जंतूचे शंभर कोटींहून अधिक जंतू होतील. इतक्या प्रचंड संख्येत एखाद्याच्या जनुकात योगायोगाने लहानसा बदल झालेला असतो आणि त्या बदलामुळे तो औषधाच्या तावडीतून सुटतो. बाकीचे मरतात. मोकळे झालेले सारे शेत मग त्या एकाच्याच संततीला मिळते. शेतकऱ्याने पीक कापून तण तेवढे राखावे, तसा हा प्रकार होय.

या जनुकांपैकी पुष्कळशी औषधनिर्मितीहून कितीतरी पुरातन आहेत. कॅनडातील युकॉन प्रदेशात तीस हजार वर्षे गोठून राहिलेल्या मातीत पेनिसिलिनच्या जातीच्या पदार्थांना निष्प्रभ करणारी जनुके सापडल्याचे २०११ साली प्रसिद्ध झाले. त्यात नवल नाही. मातीतील बुरशी आणि जंतू लक्षावधी वर्षांपासून एकमेकांवर अशी रसायने सोडीत आले आहेत. माणसाने त्यांतलेच एक शस्त्र उचलले. ढाल मात्र अगोदरपासूनच अस्तित्वात होती.

आणि ही ढाल उसनी मिळते! आपल्याकडे बापाची इस्टेट मुलाला मिळते, शेजाऱ्याला मिळत नाही. जंतूंमध्ये ती शेजाऱ्यालाही मिळते, इतकेच नव्हे तर परजातीच्या शेजाऱ्यालाही. प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या लहान लहान कड्यांवर ही जनुके बसलेली असतात आणि दोन जंतू एकमेकांना चिकटले असता अशा कड्याची नक्कल एकातून दुसऱ्यात जाते. १९५० नंतरच्या दशकात जपानी शास्त्रज्ञांना आमांशाच्या जंतूंत हा प्रकार प्रथम स्पष्टपणे दिसला. एकाच वेळी तीन-चार औषधांना न जुमानणारे जंतू रुग्णांत एकाएकी कसे उपजतात, या कोड्याचा उलगडा त्यावरून झाला. १९६५ साली नेओमी दत्त आणि त्यांच्या ग्रीक सहकारी महिलेने अथेन्समधील एका रुग्णाच्या जंतूत प्लाझ्मिडवरून पसरणारा असाच एक पेनिसिलिननाशक पदार्थ दाखवून दिला. 'टेम' या नावाने ओळखला जाणारा तो पदार्थ पुढे जगभर पोहोचला.

चौकोनी कडीचा घात

आता या शस्त्राची आणि ढालीची रचना पाहू. जंतूभोवती एक मजबूत भित्तिका असते. शर्करेच्या लांब साखळ्या आणि त्यांना आडवे जोडणारे प्रथिनांचे लहान तुकडे अशी तिची वीण असते. आपल्या खाटेची नवार उभ्याआडव्या विणीमुळे भार सोसते. या भित्तिकेचेही तसेच आहे. तिच्या आत बराच दाब असतो, म्हणून आडवी वीण घालावयाचे राहिले तर जंतू फुटतो. ही वीण घालणारी प्रथिने जंतूच्या अंगी असतात. पेनिसिलिनच्या रेणूचा आकार विणीच्या त्या तुकड्याच्या टोकासारखा असतो. विणणारे प्रथिन फसते, पेनिसिलिनला धरते आणि कायमचे अडकून पडते. माणसाच्या पेशींना अशी भित्तिका मुळातच नसल्यामुळे पेनिसिलिनने जंतू मरतो, माणसाला इजा होत नाही. (काही जणांना त्याची तीव्र अ‍ॅलर्जी असते, ती गोष्ट वेगळी.)

पेनिसिलिनचे सारे सामर्थ्य त्याच्या रेणूतील चार अणूंच्या एका लहानशा वलयात असते. त्यास रसायनशास्त्रात 'बीटा-लॅक्टम' वलय म्हणतात. चार अणूंना चौकोनात बसवावयाचे म्हणजे त्यांच्यामधील बंध अवघडून, ताणून धरावे लागतात. ताणलेल्या धनुष्याप्रमाणे ते वलय सुटण्यास टपलेले असते आणि म्हणूनच विणणाऱ्या प्रथिनाशी त्याचा संयोग चटकन होतो. पण जे बळ तेच मर्मस्थान. अब्राहम आणि चेन यांना सापडलेला पदार्थ नेमके हेच वलय पाण्याच्या एका रेणूच्या साहाय्याने उघडतो. उघडलेले पेनिसिलिन म्हणजे दोरी तुटलेले धनुष्य. हा पदार्थ एक एंझाइम, म्हणजे मराठीत 'विकर', असतो. तो स्वतः खर्च होत नाही. एक रेणू निकामी केला की तो दुसरा धरतो, मग तिसरा. एका सेकंदात शेकडो. या विकरांना 'बीटा-लॅक्टमेज' असे नाव आहे. अशी हजाराहून अधिक विकरे आज नोंदली गेली आहेत.

सार्डिनिया बेटावरील काल्यारी शहरात जूझेप्पे ब्रोत्सू या प्राध्यापकांनी १९४५ साली, गावाचे सांडपाणी जेथे समुद्रात मिळत होते तेथील पाण्यातून एक बुरशी मिळविली. तिच्यापासून पुढे ऑक्सफर्डमध्ये अब्राहम आणि न्यूटन यांनी सेफॅलोस्पोरिन वेगळे काढले. त्यातही तेच चौकोनी वलय आहे, परंतु शेजारची रचना निराळी असल्याने जुन्या विकरांना ते सहजी उघडता येईना. रसायनशास्त्रज्ञांनी त्यात फेरफार करून पिढ्यामागून पिढ्या तयार केल्या. १९८० च्या आसपास तिसरी पिढी बाजारात आली तेव्हा हा प्रश्न सुटला असे वाटू लागले. १९८३ साली जर्मनीतून वार्ता आली, की जंतूंच्या विकरात एखाद-दुसरा अमिनो आम्लाचा बदल होऊन ते ही नवी औषधेही फोडू लागले आहे. अशा विकरांचा पल्ला मोठा असल्याने त्यांना 'विस्तारित पल्ल्याची' बीटा-लॅक्टमेजे म्हणतात. त्यांपैकी आज जगात सर्वांत फैलावलेले विकर प्रथम वर्णिले गेले ते नवी दिल्लीत १९९९ मध्ये मिळालेल्या जंतूंवरून.

एखाद्या रुग्णाच्या जंतूत असे विकर आहे की नाही, हे ओळखण्याची रीत औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयातील विद्यार्थीही शिकतात. ती पाहण्यासारखी आहे. काचेच्या चपट्या तबकडीत पोषक द्रव्य घातलेला आगर ओतून थिजवितात आणि त्यावर जंतूंचा पातळ थर सारवितात. मग औषधात भिजवून वाळविलेल्या कागदाच्या चकत्या, लहानशा टिकलीएवढ्या, त्यावर ठेवतात. रात्रभर तबकडी शरीराच्या तापमानाइतक्या उबेत राहिली म्हणजे सकाळी सारा पृष्ठभाग जंतूंच्या पांढुरक्या वाढीने झाकलेला दिसतो. ज्या चकतीचे औषध लागू पडते तिच्याभोवती तेवढे स्वच्छ वर्तुळ उरते. वर्तुळाचा व्यास मोजून औषध चालेल की नाही ते ठरवितात. १९६६ साली प्रमाणित झालेली ही पद्धत स्वस्त आणि विश्वसनीय असल्याने आजही सर्वत्र वापरात आहे. विस्तारित पल्ल्याचे विकर शोधावयाचे असेल तर सेफॅलोस्पोरिनची चकती आणि विकराला अडविणाऱ्या द्रव्याची चकती शेजारी शेजारी, बोटभर अंतरावर ठेवतात. विकर असेल तर सेफॅलोस्पोरिनचे वर्तुळ आखूड पडते, पण दुसऱ्या चकतीच्या बाजूला ते अचानक फुगते आणि दोहोंमधील मोकळी जागा कुलपाच्या छिद्रासारखी दिसते. डोळ्यांना न दिसणाऱ्या रेणूंची झुंज अशी नुसत्या नजरेने वाचता येते.

विकराला अडविणारे पहिले उपयुक्त द्रव्य क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल हे होय. मातीतील एका जंतूपासून इंग्लंडमधील बीचम कंपनीच्या संशोधकांनी ते १९७० नंतरच्या दशकात मिळविले. त्यातही बीटा-लॅक्टम वलय आहे. विकर त्याला नेहमीचे भक्ष्य समजून धरते, वलय उघडते. पण उघडलेला रेणू सुटत नाही, तोंडातच चिकटून बसतो. गळाला लागलेल्या माशासारखी विकराची गत होते आणि तेवढ्यात खरे औषध आपले काम उरकून घेते. पाठोपाठ सल्बॅक्टम आणि टॅझोबॅक्टम ही द्रव्ये आली. टॅझोबॅक्टम आणि पिपरॅसिलिन यांची जोडी गेली तीस वर्षे मोठमोठ्या रुग्णालयांतील भरवशाचे औषध ठरली आहे. पण जंतूंची विकरे वाढली, त्यांचे प्रमाण वाढले आणि ही जोडीही जागोजागी अपुरी पडू लागली.

एका मेथिल गटाची भर

ऑर्किड ही कंपनी १९९२ साली स्थापन झाली, आणि सेफॅलोस्पोरिन जातीची औषधे बनविणे हा तिचा मुख्य व्यवसाय. दुसऱ्यांनी शोधलेली औषधे स्वस्तात आणि चांगली बनविण्यात भारतीय कंपन्यांनी जगात नाव मिळविले आहे. स्वतः नवा रेणू शोधण्याची वाट मात्र फारच थोड्यांनी धरली. या शतकाच्या पहिल्या दशकात ऑर्किडच्या संशोधकांनी टॅझोबॅक्टमचा रेणू हाती घेतला. त्यात नायट्रोजनचे तीन अणू असलेले एक पाचकोनी वलय आहे. त्यांतील एका नायट्रोजनवर त्यांनी एक मेथिल गट बसविला. मेथिल गट म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, सेंद्रिय रसायनशास्त्रातील सर्वांत लहान जोड. एवढ्याशा बदलाने काय साधणार, असे कोणासही वाटेल. परंतु त्यामुळे त्या वलयावर कायमचा धन विद्युतभार आला. रेणूच्या दुसऱ्या टोकास आम्लाचा ऋण भार होताच. एकाच रेणूवर दोन्ही भार आले.

याचे महत्त्व जंतूच्या घराच्या बांधणीत आहे. ई. कोलाय आणि क्लेब्सिएला यांसारख्या जंतूंना भित्तिकेच्या बाहेर आणखी एक पडदा असतो आणि त्यात पाण्याने भरलेली अरुंद छिद्रे असतात. औषधाला आत जावयाचे ते याच छिद्रांतून. विकरे पडद्याच्या आतील पोकळीत दबा धरून बसलेली असतात. या छिद्रांतून धन आणि ऋण असे दोन्ही भार अंगी असलेले रेणू अधिक सुलभतेने आत शिरतात. एनमेटॅझोबॅक्टमला तो लाभ मिळाला. त्याची जोडी ज्याच्याशी लावण्यात आली ते सेफेपिम हे चौथ्या पिढीचे सेफॅलोस्पोरिनही दोन्ही भार बाळगणारे आहे. दोघेही एकाच दाराने लगबगीने आत जातात, असे म्हणता येईल.

रेणू सापडणे आणि औषध होणे यांत पुष्कळ अंतर असते, आणि ते अंतर बहुतेक पैशाचे असते. २०१३ मध्ये ऑर्किडने या रेणूचे हक्क युरोपातील अलेक्रा या नव्या कंपनीस दिले. माणसांवरील चाचण्या तिने पार पाडल्या. इकडे मूळ कंपनीच कर्जात बुडाली. २०१७ मध्ये तिच्यावर दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली आणि २०२० साली धनुका लॅबोरेटरीज या कंपनीने ती विकत घेतली. रेणूचे हक्क आधीच परदेशी गेलेले होते म्हणून त्याचे काम अडले नाही. एरवी तो रेणू वसुली अधिकाऱ्यांच्या यादीत एक ओळ होऊन पडला असता.

निर्णायक चाचणी मूत्रमार्गाच्या गंभीर संसर्गाने आजारी झालेल्या १,०४१ प्रौढ रुग्णांवर झाली आणि तिचे निष्कर्ष २०२२ च्या ऑक्टोबरात प्रसिद्ध झाले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने रुग्णांचे दोन गट पाडले. एका गटास नवी जोडी, दुसऱ्यास पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम. कोणास काय मिळते ते रुग्णासही ठाऊक नव्हते आणि डॉक्टरांसही. आजाराची लक्षणे जाणे आणि मूत्रातील जंतू जवळजवळ नाहीसे होणे या दोन्ही गोष्टी घडल्या तरच यश मानावयाचे, असा कडक निकष होता. ज्यांचे जंतू मुळातच या औषधांना बधणारे नव्हते असे रुग्ण गणतीतून वगळल्यावर पहिल्या गटात ७९.१ टक्के, तर दुसऱ्यात ५८.९ टक्के रुग्णांत यश आले. नव्या प्रतिजैविकांच्या चाचण्यांत बहुधा 'जुन्यापेक्षा वाईट नाही' एवढेच सिद्ध करावयाचे असते. येथे नवे औषध सरस ठरले, ही गोष्ट विरळा होय.

२०२४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या जोडीला मान्यता दिली. भारतात शोधलेल्या प्रतिजैविक-रेणूला तेथे मिळालेली ही पहिलीच मान्यता मानली जाते. युरोपची आणि भारताचीही मान्यता त्याच वर्षी मिळाली. हे औषध दुकानातून आणून घ्यावयाच्या गोळ्यांचे नाही. दोन ग्रॅम सेफेपिम आणि अर्धा ग्रॅम एनमेटॅझोबॅक्टम, दर आठ तासांनी, शिरेतून दोन तास हळूहळू थेंबाथेंबाने द्यावयाचे, असे ते रुग्णालयातच वापरण्याचे औषध आहे.

त्याच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत, आणि त्या सांगण्यासाठी पुन्हा चेन्नईतच यावे लागते. सेफॅलोस्पोरिने निकामी होऊ लागल्यावर डॉक्टरांच्या हाती कार्बापेनेम नावाची औषधे राहिली होती. ती शेवटची फळी. २००८ साली, भारतात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या जंतूत ती फळी फोडणारे विकर सापडले. मद्रास विद्यापीठातील कार्तिकेयन कुमारसामी आणि त्यांच्या देशीविदेशी सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे विकर असलेले ४४ नमुने चेन्नईतून, २६ हरियाणातून आणि ३७ ब्रिटनमधून मिळाले होते. त्याच वर्षी मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनीही आपला अनुभव प्रसिद्ध केला. कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या २४ जंतूंपैकी २२ मध्ये त्यांना हेच विकर मिळाले. विकराच्या नावात 'नवी दिल्ली' आल्याने देशात मोठा क्षोभ झाला, संसदेत प्रश्न उठला, परदेशी रुग्णांना भिवविण्याचा हा कट आहे असेही बोलले गेले. नावावरून झालेला राग समजण्यासारखा होता. पण वादाच्या धुरळ्यात मूळ निष्कर्ष झाकोळले, हे बरे झाले नाही. २०११ साली दिल्लीतील पाण्याची तपासणी प्रसिद्ध झाली तेव्हा साचलेल्या व झिरपणाऱ्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये या विकराचे जनुक सापडले. म्हणजे प्रश्न केवळ रुग्णालयांचा नव्हता, गटारांचाही होता.

हे विकर जस्ताच्या अणूंच्या साहाय्याने वलय फोडते. त्याची कार्यपद्धतीच भिन्न असल्याने एनमेटॅझोबॅक्टमचा गळ त्याला लागत नाही. तेथे दुसरी युक्ती हवी. छत्रपती संभाजीनगर येथील वोखार्टच्या संशोधन केंद्रात तयार झालेला झिडेबॅक्टम हा रेणू या विकराला अडविण्याच्या भानगडीत पडत नाही. सेफेपिम भित्तिका विणणाऱ्या एका प्रथिनावर आघात करते, झिडेबॅक्टम त्याच्या शेजारच्या दुसऱ्यावर. दोन ठिकाणी एकदम घाव बसल्याने, विकराने सेफेपिमचा काही भाग नष्ट केला तरी उरलेला जंतूला पुरेसा होतो. या जोडीच्या मोठ्या चाचण्याही पार पडल्या आहेत. एकाच वेळी दोन घाव घालण्याचे हे तत्त्व चेन्नईला नवे नाही. १९५६ साली तेथे सुरू झालेल्या क्षयरोग उपचार केंद्रात एकाऐवजी दोन औषधे मिळून देण्याची पद्धत कसोशीने पारखली गेली होती.

नवी प्रतिजैविके इतकी थोडी का, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. कारण विचित्र आहे. मधुमेहाची गोळी रुग्ण जन्मभर घेतो, प्रतिजैविक आठवडाभर. शिवाय नवे प्रतिजैविक जितके चांगले, तितके डॉक्टरांनी ते कपाटात जपून ठेवावे आणि निरुपाय झाला तरच काढावे, अशी अपेक्षा असते. जो माल खपू नये अशीच सर्वांची इच्छा, तो बनवील कोण? अमेरिकेतील अकाओजेन या कंपनीचे नवे प्रतिजैविक २०१८ च्या जूनमध्ये मान्य झाले आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये कंपनीने दिवाळे काढले. इकडे रोगाची बाजू थांबत नाही. औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला आहे.

म्हणून आहेत ती औषधे जपणे हाच तूर्त मोठा उपाय उरतो. २०१२ च्या ऑगस्टमध्ये चेन्नईत देशातील वैद्यकीय संघटनांची बैठक भरली आणि तिच्यातून 'चेन्नई घोषणापत्र' निघाले. साऱ्या प्रतिजैविकांवर एकदम बंदी घालू नका, कारण ज्या खेड्यात डॉक्टर नाही तेथे साधे प्रतिजैविकही न मिळाल्याने माणसे मरतात. पण शेवटच्या फळीची औषधे तरी चिठ्ठीवाचून विकू देऊ नका, असा त्याचा व्यवहारी रोख होता. २०१४ च्या मार्चपासून अशा काही औषधांसाठी 'एच-१' ही अनुसूची अमलात आली. ती विकताना दुकानदाराने रुग्णाचे आणि डॉक्टरचे नाव वहीत नोंदवावे लागते. कोंबड्यांच्या खाद्यात कोलिस्टिन हे औषध मिसळण्यास २०१९ मध्ये बंदी झाली.

औषध किती दिवस घ्यावे, याविषयी फ्लेमिंग यांनी १९४५ च्या आपल्या नोबेल व्याख्यानात इशारा दिला होता : अपुरी मात्रा घेणारा मनुष्य जंतूंना मारीत नाही, त्यांना तयार करतो. अलीकडच्या चाचण्यांनी त्यात भर घातली आहे. कित्येक संसर्गांत पूर्वीच्या दहा दिवसांऐवजी पाच-सहा दिवसांचा उपचार तितकाच गुणकारी ठरतो आणि जादा दिवस चाललेले औषध आतड्यातील निरुपद्रवी जंतूंनाही औषधरोधी बनविते. तेव्हा औषध मनाने सोडणे चूक, तसेच उरलेल्या गोळ्या पुढच्या तापासाठी डब्यात राखणे आणि शेजाऱ्याला देणे हेही चूकच. सर्दी, पडसे आणि इन्फ्ल्युएंझा हे विषाणूंचे आजार. विषाणूला भित्तिकाच नसल्याने तेथे पेनिसिलिनला करण्यासारखे काहीच नसते.

औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या गोळ्यांच्या पाकिटावर अनेकदा डाव्या बाजूस एक उभी लाल रेघ असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीखेरीज ते औषध घेऊ नये, असा तिचा अर्थ. त्या रेघेकडे लोकांचे लक्ष वेधण्यासाठी केंद्र शासनाने २०१६ साली मोहीम काढली. रेघ शोधणे सोपे आहे. घरातील औषधांचा डबा उघडून कोणत्याही विद्यार्थ्यास ती पाहता येईल.